ठकूच्या पुस्तकावर माझं नाव

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही. ती बिचारी "आमच्या ह्यांनी आंधळ्या मुलांसाठी पुस्तक केलं होतं हो" असं शेजारणींना सांगत सांगतच गेली. मुलांजवळ नाही. देवासमोर हात जोडले की मी दुसरंच काहीतरी पुटपुटायचो, म्हणजे देवालाही चकवत होतो. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

आणि आधीच सांगून ठेवतो, मला हे सरळ सांगता येणार नाही. मूळ गोष्टीच्या जवळ गेलो की माझा पाय मागे येतो. मध्येच मी दुसरं काहीतरी कबूल करीन आणि तुम्हाला वाटेल, झालं, हेच ते. ते नसेल. थोडा दम धरा.

एकोणीसशे वीसनंतरची ती वर्षं. मी रिह्याला शाळामास्तर होतो. मुळशीकडचं गाव, दोन्ही अंगांना डोंगर आणि मध्ये भाताची खाचरं. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. मास्तर एक, इयत्ता चार, पोरं तीस-पस्तीस. वरच्या खोऱ्यातली गावं धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून सगळा मुलूख पेटला होता, माणसं दुसरं काही बोलत नव्हती — आणि मी? मी बदलीचा अर्ज कुठल्या शब्दांत लिहावा याचा विचार करत होतो. चोवीस वर्षांचा होतो. ड्रॉइंगची परीक्षा पास झालो होतो. फळ्यावर नुसत्या हाताने गोल काढला तर परकाराने काढल्यासारखा यायचा. त्या हाताचा मला माज होता. माज हाच शब्द, दुसरा नाही. असा हात घेऊन मी या खाचरांत काय करतोय, मला पुण्याला ड्रॉइंग मास्तर व्हायचंय, हे दिवसातून दहा वेळा मनात यायचं.

आता ठकू. धनगराची पोर, दहा-अकरा वर्षांची. तिसऱ्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले. अगदी मिट्ट काळोख नव्हता. ऊन कुठल्या अंगाचं ते कळायचं, समोरून कोणी गेलं तर काहीतरी हललं एवढं दिसायचं. बाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने देशावर. आई भागूबाई गावातच असायची. लोकर कातायची, विणून झालेल्या घोंगड्यांना खळ द्यायची, भाताच्या दिवसांत मजुरीला जायची. शाळेला लागूनच पाटलांची खाचरं. कामावर जाताना ती पोरीला देवळाच्या पायरीवर बसवून जायची. "बसू द्या मास्तर," म्हणाली, "बोलनार न्हाई ती." मी म्हटलं बसू दे. पटावर नाव घातलं नाही. आंधळ्या पोरीचं नाव पटावर घालून करायचंय काय?

बोलणार नाही म्हणे! त्या पोरीचं तोंड दिवसभर चालू. पाढे पोरं म्हणायची आणि चुका पायरीवरून ही काढायची. मला हसू यायचं आणि रागही यायचा. राग जास्त.

एकदा पुण्याहून लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक आलं. पाचच चित्रं. एक शेळी कळपातून चुकते, बैलाला वाट विचारते, विहिरीवर पाणी प्यायला जाते, तिथे एक माणूस भेटतो, तो तिला घरी पोचवतो. पोरांची त्याच्यावर झुंबड उडाली. ठकू पायरीवरून विचारायची, काय हाय चित्रात? पोरं वात्रट, सांगायची वाघ हाय, मानसाला खातुया. "मंग मानूस वरडत कसा न्हाई?" ही विचारायची, आणि पोरं लोळून हसायची. शेवटी तिने मला विचारलं. मी सांगितलं, वाघबिघ काही नाही, शेळी आहे. तिने पायरीवरून हात पुढे केला. मग म्हणाली, "हाताला लागंल आसं चित्र न्हाई का मास्तर?"

तुम्ही म्हणाल, मास्तरला दया आली. छे हो! दया मागाहून लोकांनी चिकटवली, मी ती काढून टाकली नाही एवढंच. मला त्या क्षणी एवढंच सुचलं, की असं काही केलं तर ते वेगळं दिसेल. शाळा तपासायला साहेब येतील तेव्हा टेबलावर ठेवता येईल. माझा हात त्यांच्या नजरेत भरेल.

मी सुटीचे दोन रविवार घातले. जुन्या हजेरीपटांचे पुठ्ठे घेतले, त्यांवर पाचही चित्रं काढली आणि रेघांवरून भाताच्या खळीने सुतळी चिकटवली. काय सुरेख काढली होती! बैल एका अंगाने उभा, मान वळवलेली. माणूस पुढे, घर मागे दूर डोंगराच्या पायथ्याशी, ते परीक्षेत शिकवतात तसं दूरचं लहान, जवळचं मोठं. सोमवारी मोठ्या तोऱ्यात मी ठकूला बोलावलं, सगळी शाळा भोवती उभी केली आणि तिचं बोट सुतळीवर ठेवलं.

ती बराच वेळ चाचपत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, ह्यो बैल काना हाय का?"

एकच डोळा होता ना! एका अंगाने काढलेल्या बैलाला दुसरा डोळा कुठून येणार? पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी पान उलटलं. ती म्हणाली, मानूस घरापरीस मोटा हाय, ह्यो आत शिरतुया कसा? मी समजावलं, अगं, दूरची वस्तू लहान दिसते. तिने मान वर केली. "माजा बा लांब गेला की ल्हान होतो व्हय?"

खरंच विचारत होती हो. चेष्टा नव्हती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस पोरांसमोर, एका आंधळ्या पोरीने, माझ्या ड्रॉइंगला! मी पुठ्ठे हिसकावून घेतले आणि फळीवर टाकले. आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. तिने दोनदा हाक मारली, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आठ दिवसांनी फळीवर बघतो तर उंदरांनी आणि झुरळांनी खळ खाऊन टाकलेली, सुतळी लोंबतेय. पोरांनी एक पुठ्ठा ठकूच्या हाती दिला, तिने तो नाकाशी धरला. म्हणाली, भाताची खळ लावली व्हय, उंदराला जेवान घातलं तुमी! चिंचोक्याची लावा, घोंगडीला लावत्यात तशी. तिला कोन खात न्हाई.

ठीक आहे, म्हटलं, तूच कर. हे मी रागाने म्हटलं होतं. तोंडावर आपटू दे हिला, असं वाटत होतं. उरलेले पुठ्ठे तिच्या मांडीवर टाकले आणि दाराकडे पाठ करून बसलो.

तिने केलं. महिनाभर ती पायरीवर बसून तेच करत होती. भागूबाई चिंचोके भाजून, भिजवून, वाटून खळ शिजवून द्यायची, पोरं मागेल ते आणून द्यायची. काय केलं त्या पोरीने! शेळीच्या पानावर शेळीचा आकारच नव्हता. वर दोन लोंबते कान, जुन्या वहाणेच्या चामड्याचे. त्यांच्या मध्ये शिंगांचे दोन बुटके तुकडे. खाली दाढीची लव, खरी, शेळीची. मग बरीच मोकळी जागा आणि शेवटी मेणाची दोन आचळं. मी म्हटलं, पाय कुठे आहेत? तर म्हणते, शेळीला हात लावला की पाय कुटं लागत्यात मास्तर? पाय लागला म्हंजी लाथ बसली.

बैलाला वशिंड आणि मानेखाली लोंबणारी कातडीची पोळी, आणि दोन्ही बाजूंना डोळे, रिठ्याच्या बियांचे. माणसाच्या पानावर घोंगडीचा एक कोपरा, त्याला गोंडा. नाक जवळ नेलं की मेंढरांचा वास यायचा. तो तिचा बाप होता, दुसरा माणूस तिला माहीत होता कुठे? घराचं पान म्हणजे घराच्या आतलं. उंबरा, चुलीचे तीन खडे, कोपऱ्यात उखळ. आणि विहीर. विहिरीच्या पानावर काथ्याचं गोल कडं होतं आणि मध्ये पुठ्ठ्याला भोक. बोट कड्यावरून फिरत यायचं आणि एकदम आत जायचं, आणि आत काही नाही. मी डोळे मिटून बोट घातलं तेव्हा अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

पोरं रांगेत उभी राहून, डोळे मिटून, ती पानं चाचपायची. वाघाची थाप मारणारीच पोरं. छापील पुस्तक एका बाजूला पडलं.

माझं त्यात काय होतं? सांगतो. प्रत्येक पानाखाली एकेक ओळ होती, ती अक्षरं मी दोऱ्याने वळवून चिकटवली. एवढंच. आणि ती अक्षरं ती शिकली. दोन महिन्यांत बाराखडी, दिवाळीपर्यंत जोडाक्षरं. दोऱ्याने काढलेली कुठलीही नवी ओळ ती बोटाने वाचायची. मी परीक्षा घेऊन पाहिलं होतं. पहिलीतल्या पोरांना वर्ष लागतं त्याला. हे लक्षात ठेवा. मला हे पक्कं माहीत होतं.

मग साहेब आले. भाताची कापणी होऊन गेली होती. सकाळी टांगा देवळापुढे थांबला. मी शाळा सारवून घेतली होती, पोरांना टोप्या घालायला लावल्या होत्या आणि ते पुस्तक टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. वाईट मनाने ठेवलं होतं का? मी त्याचा पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. पण ठकूने केलंय असं सांगायचं, हेही ठरवलं नव्हतं ना!

साहेब भला माणूस. त्यांनी पान उघडलं, बोट फिरवलं, चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. विहिरीपाशी थांबले. म्हणाले, "मास्तर, हे कोणी केलं?"

ठकू पायरीवर होती. दोन हातांच्या अंतरावर. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"मी, साहेब," म्हणालो.

बघा, आलं तोंडातून. किती सहज येतं! पोरांमध्ये चुळबुळ झाली, मी नुसती नजर फिरवली, सगळी चिडीचूप. ठकूने मान वर केल्याचं मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. साहेबांनी तिला जवळ बोलावलं. तिने शेळीचं पान वाचून दाखवलं, बैलाचं वाचलं. ते खूश झाले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान. आवडतं का पुस्तक? कोणी करून दिलं तुला?"

ती विहिरीच्या कड्यावरून बोट फिरवत राहिली, एकदा, दोनदा. आता ही बोलणार, आणि पोरं खो-खो हसणार, आणि साहेब चष्मा घालून माझ्याकडे बघणार...

"मास्तरांनी," ठकू म्हणाली.

का म्हणाली? मला भिऊन? की मास्तर साहेबासमोर उघडा पडू नये म्हणून? मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं? तिने माझी लाज राखली, आणि मी हातरुमालाने कपाळ पुसलं.

तुम्हाला वाटलं असेल, हेच ते. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावलं, एका आंधळ्या पोरीच्या. वाईट आहे, पण हे एवढंच असतं तर मी ते कधीच सांगून टाकलं असतं. म्हातारपणी माणसं असलं पुष्कळ सांगतात आणि ऐकणारे "चालायचंच" म्हणतात. नाही. अजून आहे.

जाताना साहेबांनी मला टांग्यापाशी नेलं. दोन गोष्टी बोलले. एक, शहरात आंधळ्या मुलांची शाळा आहे, राहण्याजेवणाची सोय आहे, तिथे अशी पुस्तकं हवी आहेत. तुमची पुण्याला बदली करवतो, तुम्ही तिथे जाऊन आणखी करून द्या. दुसरं, ही मुलगीही त्या शाळेत जाऊ शकेल. "मला पोर चुणचुणीत वाटते," म्हणाले, "पण दोन पानांवरून मी काय ठरवणार? तुम्ही रोज बघता. तिची समज कशी आहे ते पंधरा दिवसांत लिहून पाठवा. तुमच्या अभिप्रायावर ते लोक घेतील."

भागूबाई खाचराच्या बांधावर उभी होती, पोरीच्या शाळेचं तेवढं तिच्या कानावर पडलं. टांगा गेल्यावर ती धावत आली. रडत होती की हसत होती कळेना. "माजी ठकी साळंत जानार व्हय? पुन्याला?" त्या दिवसापासून ती घोंगडीसाठी लोकर कातायला बसली, लहान घोंगडी, पोरीच्या मापाची. तिथं थंडी आसंल, म्हणायची. आणि ठकू? ठकू पायरीवर बसून पोरांना सांगायची, की त्या शाळेत समदी माज्यावानी हायेत, तितं वाघ हाय म्हून कोन सांगनार न्हाई.

आणि माझं काय चाललं होतं? माझी झोप उडाली होती. तीही त्या शाळेत आणि मीही त्या शाळेत? पहिल्याच दिवशी कोणीतरी मला म्हणणार, करा बघू एक पान. मी ती सुतळी चिकटवणार. आणि शेजारी बसून ठकू चामड्याचे कान लावणार. कोणाला कळायला किती वेळ लागेल? ती तोंडाने काही बोलणार नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. पण तिचे हात? हातांना कसं गप्प बसवणार?

घाईत झालं म्हणायचीसुद्धा सोय नाही. पंधरा दिवस होते. मी चार वेळा कागद लिहिले. दोन कागदांवर खरं लिहिलं होतं, "मुलगी अत्यंत बुद्धिमान असून" अशी सुरुवात होती. ते फाडले. शेवटी तीन ओळी लिहिल्या. मुलगी मंदबुद्धी आहे. पाठ करून घेतलेलं तेवढं बोलते. नव्या जागी तिचा निभाव लागणार नाही. खाली वळणदार सही केली.

टपालपेटी पौडला. चालत गेलो, भर दुपारी, पाकीट खिशात. वाटेत किती वेळा थांबलो असेन! एकदा तर मागे फिरून चांगला फर्लांगभर आलो. मग पुण्याचं डोळ्यांपुढे आलं, तिथली शाळा, टेबल, खुर्ची, फळा — आणि पुन्हा तोंड पौडकडे. पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला तेव्हा, सांगायला लाज वाटते, मला हलकं वाटलं. भजी घेतली आणि खात खात परत आलो.

हे मी केलं. पण हेही नाही. हे सांगताना माझा आवाज कापत नाही, बघा ना. याच्या पुढे एक शब्द आहे.

त्याआधी पुण्याचं सांगून टाकतो. बदली झाली. निघताना मी भागूबाईकडून पुस्तक मागून घेतलं, साहेबांना दाखवायला हवं म्हणून. तिने ते फडक्यात बांधून दिलं. मी ते परत दिलं नाही. मुखपृष्ठावर सुबक अक्षरात माझं नाव घातलं. मी त्या आंधळ्यांच्या शाळेत दोनदा गेलो. तिथे गाणं शिकवणारे एक मास्तर होते, स्वतः आंधळे. त्यांनी विहिरीच्या भोकात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग माझ्या बाजूला तोंड करून शांतपणे म्हणाले, "हे डोळसाचं काम नाही." मी खोकलो. म्हणालो, मुलांची मदत घेतली थोडी. मी तिथे तिसऱ्यांदा गेलो नाही. दुसरं पुस्तक माझ्याकडून झालंच नाही. साहेब बदलून गेले, पुस्तक कुठल्याशा कपाटात पडलं आणि मी तीस वर्षं शाळेत पेले आणि कंदील काढायला शिकवत राहिलो.

चार-पाच वर्षांनी एकदा भरे गावच्या रस्त्यावर भागूबाई भेटली होती. तिने वाकून नमस्कार केला. मला! मी विचारलं, ठकू काही करते का, पुठ्ठ्याबिठ्ठ्यावर? "न्हाई मास्तर," म्हणाली. "लोकर कातती. बाकी कशाला हात लावत न्हाई. लई गप झाली." मी विचारलं नाही, का. मला माहीत होतं, का.

आता तो शब्द.

मी रिह्यात असतानाचं हे, बदलीच्या आधी. अभिप्राय पाठवल्याला दीड महिना झाला होता. भागूबाई रोज दुपारी विचारायची, चिठी आली का मास्तर? मी म्हणायचो, अजून नाही. एके दिवशी आली. मुलीला घेता येत नाही. पुढे स्वच्छ लिहिलं होतं, शिक्षकांचा अभिप्राय पाहता. दोघींना वाचता येत नव्हतं. म्हणजे ठकूला दोऱ्याचं यायचं, शाईचं नाही. मी चिठी हातात धरली आणि दोघींसमोर वाचल्याचं सोंग केलं. म्हणालो, साहेबांनी तिला मंद ठरवलंय.

भागूबाईला मंद म्हणजे काय ते आधी कळेना. मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला आणि आल्या पावली खाचरात गेली, चार बायका बघत होत्या म्हणून असेल. घोंगडी झाली होती. तिला खळ द्यायची तेवढी राहिली होती.

ठकू पायरीवरच राहिली. शाळा सुटली होती, पोरं गेली होती. मी फळा पुसत होतो, पुसलेलाच पुन्हा पुसत होतो. ती चाचपत आत आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. हळू बोलली, बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. माझी काळजी घेत होती ती, अजूनही!

"मास्तर, सायबाला मी खोटं बोलले. तुमी केलं म्हून. त्येंला कळलं आसंल का? म्हून मला न्हाई म्हनला?"

तुम्हाला समजतंय का, ती काय विचारत होती? आपण मंद आहोत यावर तिचा विश्वास बसत नव्हता. ती हुशार होती, तिला ते ठाऊक होतं. मग नाकारलं का, याचं कारण ती शोधत होती, आणि तिला एकच सापडलं होतं. आयुष्यात ती एकदा खोटं बोलली होती, माझ्यासाठी.

मला एवढंच म्हणायचं होतं, नाही गं, तुझं काही चुकलं नाही. खरं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण "नाही" म्हटलं की ती पुढे विचारणार, मग कशामुळं? आणि त्या पोरीला विचारत विचारत खऱ्यापर्यंत यायला वेळ लागला नसता. मला तिच्या डोक्याची भीती वाटली. जिला मी मंद लिहिलं होतं तिच्या डोक्याची.

"असेल," मी म्हणालो.

ती रडली नाही. मान हलवली.

"मंग बरुबर हाय," म्हणाली, आणि पायरी चाचपत खाली उतरली.

बरोबर नव्हतं. साहेबांना काही कळलं नव्हतं. तिला शिक्षा कोणी दिली नव्हती, तिने काही केलं नव्हतं, आणि हे सांगणारा एकच माणूस त्या देवळात होता, हातात फडकं घेऊन. तो फळा पुसत राहिला. ती दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर आली नाही, तिसऱ्याही नाही. मी तिच्या घरी गेलो नाही. घर देवळापासून शंभर पावलांवर होतं.